आफ्रिकेच्या माशांसाठी नगरचं पाणी

पुण्यातल्या मासेवाल्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. टाकी केवढी आहे, पैसे किती आणलेत, काही नाही. "ताई, तुमच्याकडचं पाणी कसं आहे?"

टेलिफोन खात्याच्या ट्रेनिंगसाठी मी पुण्यात होते. नुकतीच ऑपरेटर म्हणून लागले होते. संध्याकाळी हॉस्टेलवर परतताना त्याच्या दुकानाच्या काचेत पिवळेधमक, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसायचे आणि माझे पाय तिथंच थांबायचे. शेवटी आत शिरले. मी त्याला सांगितलं, नगरला सावेडीत भाड्यानं राहते, अंगणात विहीर आहे, पण तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याला पांढरा थर चढतो. माणूस एकदम खूश झाला. म्हणाला, "मग गोल्डफिश-बिल्डफिश सोडा. आफ्रिकन सिक्लिड न्या. आफ्रिकेत एक भलंमोठं तळं आहे, त्याचं पाणी असंच जड. हे तिथले मासे. इथं मला पाण्यात काय काय कालवून त्यांना जगवावं लागतं. तुम्हांला ते फुकट मिळतंय."

आमच्या घरात पाण्याबद्दल आजवर जे जे बोलणं झालं होतं त्यात 'फुकट मिळतंय' हे शब्द कधीच आले नव्हते.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. माहेर खर्ड्याजवळचं, सासर भिंगारचं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे नुसत्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. घर मिळालं ते त्यामुळेच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मालकांची एकच अट होती, घरात मटण-मासे शिजवायचे नाहीत. नवरा म्हणाला, चालेल. तो एमआयडीसीत कामाला. भांडण म्हटलं की तो आधीच माघार घेतो. मीही म्हटलं, चालेल. चार घरं बघून चार ठिकाणांहून परत आलो होतो.

मालक रिटायर्ड माणूस, वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. काकू मला सूनबाई म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकून काकासुद्धा. लोणचं आलं की वाटीभर खाली यायचं. खोटं कशाला सांगू, मला ती माणसं आवडायची. सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

टाकी मी नगरातच करून घेतली. काचवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदाच असलं काम केलं होतं. पहिल्या दिवशी कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं तर मलाच म्हणतो, "मॅडम, थोडं गळणारच." मी टाकी त्याच्याच दुकानात पालथी घातली आणि पुन्हा चिकटवून घेतली. लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून आला. दगड नवऱ्यानं डोंगराकडून आणले, काळे, टोकदार. या माशांना झाडंबिडं लागत नाहीत, दगडांच्या कपारी लागतात. माहेरच्या शेतातून भावानं चुनखडीचे खडे पोतंभर आणून टाकले. नांगराला आडवे येतात म्हणून आमचे लोक त्यांना शिव्या घालतात. मी ते धुऊन वाळूबरोबर टाकीच्या तळाशी पसरले, पाण्याचा जडपणा टिकतो त्यानं.

मग विहिरीचं पाणी. मी रहाट ओढत होते, नवरा बादल्या आत नेत होता. काकू वरून बघत होत्या. खाली आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सर बाजूला, तुझे हात सोलतील," आणि स्वतः दोर हातात घेतला. त्या दोराला त्या दिवशी त्यांचा हात लागला आणि माझाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नव्या पाण्यात मासे लगेच सोडायचे नसतात. माशांची घाण पचवणारे बारीक जंतू आधी वाळूत वाढावे लागतात, त्याला काही आठवडे जातात. तोवर आमची टाकी नुसती बुडबुडे सोडत होती आणि ऑफिसातल्या बाया विचारत होत्या, "काय गं, तळून संपवले का?" काका मात्र रोज चौकशी करायचे. मी भीत भीत विचारलं होतं, घरात मासे चालतील ना, म्हणून. ते हसले. "अगं, मासा म्हणजे देवाचा पहिला अवतार. शिजवू नका म्हणजे झालं."

मासे एसटीनं आणले. हवा भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. शिरूरपर्यंत शेजारची बाई विचारत होती, आंबे का? मासेवाल्यानं बजावलं होतं, दोन-चार नेऊ नका, एकदम भरपूर न्या. ही भांडखोर जात. थोडेच असले तर सगळे मिळून एकाला धरतात आणि मारून टाकतात. गर्दीत मार वाटला जातो. तसंच झालं. आत सोडल्या सोडल्या प्रत्येकानं एकेक कपार धरली आणि जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावायला लागला. एक काळ्या पट्ट्यांचा तर काचेबाहेरच्या माझ्या बोटावरसुद्धा यायचा. मला ते मासे मनापासून आवडले. गरीब बिचारे मासे मला नको होते.

दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून तितकंच ताजं घालायचं असतं. मी रहाटावर जायचे, दोन बादल्या ओढायचे, कुणी काही म्हणायचं नाही. आणि मग एका रविवारी माझा भाऊ आला. काका फाटकाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. भावानं सायकल लावली आणि दारातून मला हाक मारली, "जय भीम, ताई!" आमच्यात माणूस माणसाला भेटला की असंच बोलतो. मीही तितक्याच मोठ्यानं जय भीम म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप.

मी काकांना विचारलं. म्हणाले, "लहान मुलं पडतील हो. जबाबदारीचं काम." त्या अंगणात एकही लहान मूल नव्हतं. आम्हांला नव्हतं, त्यांची नातवंडं मुंबईला. मी म्हटलं, "मग किल्ली देता का? माशांसाठी दोन बादल्या लागतात." ते पेपराची घडी घालत म्हणाले, "मॅडम, त्याचं काय आहे, विहिरीचं पाणी आम्ही देवाला घेतो. नळाचं हवं तितकं वापरा ना. गैरसमज करून घेऊ नका."

मॅडम. एका रात्रीत सूनबाईची मॅडम झाले मी. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी नुसतं 'बरं' म्हटलं. फोनवर दिवसभर शेकडो माणसांशी बोलणारी बाई मी. घरात येऊन नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "घर मिळेना तेव्हाचं आठव जरा. पाणी पिण्याचं तर नाही ना ते." तेच तर! ते पाणी कुणी पीत नव्हतं, त्यात कुणाची डाळ शिजत नव्हती, आणि ते नेमकं आमच्यापासून जपायचं होतं.

नळाचं पाणी मऊ, त्यात ब्लिचिंगचा उग्र वास. राग होता तरी मी ते लगेच ओतलं नाही, वास उडावा म्हणून दोन दिवस भरून ठेवलं, मग घातलं. तरी दोन पिवळे मासे बाजूला कलंडले आणि संध्याकाळपर्यंत गेले. ते हातात घेऊन मी अंगणात गेले आणि गुलाबाच्या बुंध्याशी पुरले. काकू गॅलरीत होत्या. "अरेरे, काय झालं हो?" म्हणाल्या. काय झालं हो!

त्यानंतर पाणी भिंगारहून यायला लागलं. सासरच्या आळीत विहीर होती, पाणी असंच जड. नवरा दर रविवारी स्कूटरला दोन कॅन बांधून आणायचा, तो नसला की मी रिक्षानं. भरल्या विहिरीशेजारून आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाचं पाणी घरात नेत होतो, आणि काका खुर्चीवरून बघत होते. एकदा आई आली होती. मी रिक्षातून कॅन उतरवताना तिनं पाहिलं. तिला सगळं सांगावं लागलं नाही, कुलूप पाहिलं तेवढं पुरलं. म्हणाली, "आमी विहिरीच्या कडंला घागर ठिवून उभं ऱ्हायचो, कुनी वरून ओतंल म्हनून. तू तर पगार घेती. तरीबी हेच व्हय?" मला तिचाही राग आला. खरं बोलली म्हणून.

त्या वर्षांत वास्तूचं खूळ निघालं होतं. कुणी दारं फिरवत होतं, कुणी संडास फोडत होतं. काकांच्या मुलाचा धंदा बसला, तेव्हा मुंबईहून एक वास्तुतज्ज्ञ आला. त्यानं सांगितलं, ईशान्येला मासे ठेवा, अडचणी सुटतील. आठवड्याच्या आत वरच्या हॉलमध्ये टाकी आली, आमच्यापेक्षा मोठी, वर दिवे लावलेली. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. विहिरीचं पाणी भरलं आणि त्याच दिवशी मासे सोडले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, थांबा म्हणून. खरंच सांगितलं असतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी काका आमच्या दारात. हातात रंगाचा रिकामा डबा. "सूनबाई, मासे वर येऊन तोंडं उघडतात गं. पाणी गढूळ झालंय. दुकानदार म्हणाला, चालू टाकीतलं पाणी आणि थोडी वाळू मिळाली तर वाचतील. तुझ्याकडचं दे ना डबाभर."

माझा हात आधी पाणी काढायच्या नळीकडेच गेला. मासे तोंड उघडून वर आलेत म्हटल्यावर मी बसून राहू शकत नाही. नळीचं एक टोक टाकीत सोडलंसुद्धा होतं. मग माझं लक्ष त्या डब्याकडे गेलं. त्यांच्या घरात चकचकीत बादल्या होत्या, मी पाहिल्या होत्या. माझ्याकडे आणला होता रंगाचा डबा, नंतर फेकून देता येईल असा. मी नळी बाहेर काढली.

"काका, माझ्या टाकीतलं पाणी चालेल तुम्हांला?"

"अगं, ते माशांचं पाणी. त्याला काही नसतं."

"मग आधी विहिरीची किल्ली आणा."

"ती वेगळी गोष्ट आहे."

"वेगळी कशी? तेही पाणी, हेही पाणी. माझे दोन मासे त्या कुलपानं मेले. तुम्ही किल्ली आणा, मी पाणी देते, वाळू देते, वर येऊन स्वतः टाकी लावून देते."

नवरा खालमानेनं म्हणाला, "अगं, दे ना. माशांनी काय केलंय?" मी त्याच्याकडे बघितलं, तो आत गेला. काका रिकामा डबा घेऊन वळले. मला वाटलं, आता वर जातील आणि किल्ली घेऊन येतील. ते वर गेले.

मी एक बादली भरून ठेवली. टाकीतलं पाणी, तळची दोन ओंजळी वाळू, चुनखडीचे चार खडे. दाराच्या आत ठेवली, म्हणजे आले की द्यायला वेळ नको. वाळूतले जंतू मरू नयेत म्हणून हवेची नळीही त्या बादलीत सोडली. हट्ट माझा होता, पण ते मासे मरावेत असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं दिसलं. संध्याकाळी आणखी. मी ड्युटीवर जाताना वर बघायचे, येताना वर बघायचे. काळा मासा शेवटपर्यंत टिकला. मला वाटत होतं, हा एकटा उरल्यावर तरी कुणी खाली येईल.

लोक मला सांगतात, झालं गेलं, आता राग सोड. नाही सोडत. माझ्याशी भांडले असते तर सोडला असता. पुढं आम्ही ते घर सोडलं, भिंगारला आलो, मासे आले, त्यांची पिल्लंसुद्धा झाली, पण त्या आठवड्याचा राग जसाच्या तसा आहे.

काळा मासा मेला त्या सकाळी मी जिन्याशी चपला घालत होते. काकू त्याला तळहातावर घेऊन खाली आल्या, गुलाबापाशी माती उकरायला. हुंदके देऊन रडत होत्या, अगदी खरं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बिचारा गं, जीव गेला त्याचा." आणि त्या वाकल्या तेव्हा विहिरीची किल्ली त्यांच्या कमरेला लटकत होती.