सुभेदारांनी खोडलेलं वाक्य

देवळाली कॅम्पात माझं टायपिंगचं दुकान आहे. तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथे आपल्या युद्धाच्या आठवणी टाइप करून घ्यायला येतात. तोफांनी उजवा कान गेलेला, म्हणून डावा कान माझ्याकडे करून बसतात. चार वाक्यं सांगितली की दमतात.

परवा मी त्यांना मोबाइलवर ड्रोन हल्ल्याचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, "आता लढाई सोपी झाली, सुभेदारसाहेब. लांब बसून बटण दाबायचं."

त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "दाबणाऱ्याला खालची माणसं दिसत्यात?"

"स्पष्ट दिसतात."

"मग त्याचं अवघड हाय. आमचे गोळे डोंगरापलीकडं पडायचे. काय दिसायचं नाय, म्हणून झोप तरी लागायची."

मग त्यांनी टाइप झालेली पानं मागितली. 'आम्ही शत्रूची चौकी उद्ध्वस्त केली' हे माझं आवडतं वाक्य त्यांनी खोडलं आणि वर हळूहळू लिहिलं, 'आम्ही गोळे टाकले. तिथे कोण होतं, ते मी पाहिलं नाही.'

"लोकांना हे आवडेल का?" मी मोठ्याने विचारलं.

"नाय आवडणार," ते म्हणाले. "पण मला वाचता आलं पायजे ना."