सरबताची भवानी

शाळेच्या पटांगणात उन्हाळी शिबिरातली सहावी-सातवीची पोरं लिंबू सरबत विकत होती. धंदा शिकवायला टायवाले सर! चाळीस वर्षं मी गाडीवर केळी विकली, एकानं टाळी वाजवली नाही. इथं प्रत्येक ग्लासाला टाळ्या. पोटात जळलं, खोटं कशाला बोलू?

पहिलीच बाई भाव पाडून मागू लागली. माझी नात मनवा म्हणाली, "नाही परवडत, काकू." बाई चालू लागली.

"अगं, पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी! ती रिकामी धाडतात होय?" मी ओरडलो.

सर हसले. "आजोबा, तो जमाना गेला. मनवा, आपला भाव सोडायचा नाही."

मनवानं ते लगेच वहीत लिहून घेतलं. माझं एक वाक्य तिनं कधी लिहिलं नाही. म्हणून हे सगळं वाकड्या अक्षरात मीच लिहितोय. वाचेल तेव्हा वाचेल.