अक्काच्या मुठीची दोरी

फोन तेल्हाऱ्याहून भाच्याचा होता. "मावशी, आई गेली," एवढं बोलून तो थांबला. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, त्याने विचारलं, "आता त्या धनुष्याचं काय करू?" मी म्हटलं, "माझ्याकडे घेऊन ये." दिवसकार्य आटोपल्यावर तो अमरावतीला आला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं धनुष्य त्याने माझ्या पलंगावर ठेवलं. माझी नातवंडं दूर देशी असतात. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, त्यांनी एकदाच पाहिलं. डोक्यावर पदर आणि तोंडात शब्द नाही, अशी. ती मुळात तशी नव्हती, हे त्यांना कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

वऱ्हाड मध्य प्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. आमचे बाबा अकोल्यात दिवसा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी व्यायामशाळेत तिरंदाजी. त्यांचं धनुष्य जुनं, शिंग आणि लाकूड एकमेकांवर चिकटवून केलेलं, टोकं पुढे वळलेली. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळायचं, रुसून पाठ फिरवल्यासारखं. मी पुस्तकात डोकं घालून बसायची. अक्काचा जीव त्या धनुष्यात. ते मांडीखाली दाबून दोरी चढवणं आमच्या घरात बाबांखेरीज फक्त तिलाच जमायचं. चढवल्यावर खरं काम सुरू व्हायचं. दोरी सैल राहिली तर बाण सुटताना मनगटावर चाबकासारखी बसते, म्हणून ती पुन्हा उतरवायची, दोन पीळ वाढवायचे, मेण चोळायचं, परत चढवायची. अंतर मोजायची रीत अशी, की धनुष्याच्या मुठीवर आपली मूठ उभी ठेवायची, अंगठा वर करायचा, आणि अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. अक्काची मूठ लहान. तिने एकदा विचारलं, "बाबा, तुमच्या मुठीनं मोजू का?" बाबा म्हणाले, "माह्या मुठीनं कायले? बाण तू सोडून राहिली ना? मंग मूठबी तुहीच." शेवटी मात्र ते न चुकता बजावायचे, "काम झालं की दोरी उतरव. ताणून ठेवलं तर धनुष्य थकते, पोरी."

मी कॉलेजात गेले. अक्का तेल्हाऱ्याला, काळ्या कसदार जमिनीच्या मोठ्या शेतकरी घरात. बाबांनी धनुष्य तिच्यासोबत पाठवलं. सासरच्यांना त्याचं भारी कौतुक! ठरलं असं, की दसऱ्याला गावाच्या शिवेवर अक्का एक बाण सोडेल आणि तो बघायला बाबा मुद्दाम येतील. तिचं तिथलं ते पहिलंच नवरात्र. घटस्थापनेच्या सकाळी शस्त्रं देवीपुढे मांडताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हे असं काहून ठेवलं? उतरलेलं हत्यार देवीपुढं ठेवत असतेत का? चढव दोरी." अक्काने मूठ मोजून, पीळ देऊन, अगदी नेमकी दोरी चढवली. बाबांचं ते एक वाक्य तेवढं तिच्या तोंडून निघालं नाही. घट बसले की तिथली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. शेजारी अखंड दिवा. तेल घालायला ती रोज वाकायची आणि रोज बघायची… दिव्याच्या उबेने धनुष्याची वरची बाजू जराजरा पिळवटत चालली होती.

दसऱ्याला बाबा मला घेऊन अकोल्याहून मोटारीने आले. नवं धोतर नेसलेलं, हातात बाणांची जुडी. धनुष्य उचलताच त्यांना दिसलं, की दोरी मधोमध न राहता कडेला सरकली आहे. ओढलं असतं तर ती निसटली असती आणि धनुष्य उलटून फुटलं असतं. विहीणबाईंना ते हसून म्हणाले, "हवा ओली हाय यंदा. पुढल्या वर्षी सोडू बाण." मग मागच्या पडवीत नेऊन त्यांनी अक्काला विचारलं, "तुले तर मालूम होतं ना? काहून नाही बोलली?" अक्का म्हणाली, "नवीन घर हाय, बाबा." त्यांनी दोरी उतरवली, निखाऱ्यावर दुरून शेक दिला, बाजू हळूहळू सरळ वळवायची कशी ते तिला दाखवलं आणि म्हणाले, "असंच करत राहा. मी येतो."

पुढल्या दसऱ्याआधी बाबा गेले.

अक्का मात्र सांगितल्याप्रमाणे करत राहिली. दरवर्षी पावसाळा सरला की शेक द्यायचा, दोरी चढवून बघायची, पीळ कमी-जास्त करायचे, मूठ ठेवून अंगठा वर करायचा, मग उतरवायची. हळूहळू दोरी पुन्हा बरोबर मध्यावर आली. तेव्हा मी तिथेच होते. म्हटलं, "अक्का, आता तर जमलं. सोड ना एक बाण!" ती दोरीला मेण लावत म्हणाली, "कोणाले दाखवू?" आणि हसली. सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या, की आमच्या देवीपुढे सुनेचं धनुष्य दोरी चढवून पुजलं होतं. अक्काने त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. ते तिचं मोठेपण, असं सगळे म्हणतात. मला अजूनही तसं म्हणवत नाही… मला पडवीतले बाबा आठवतात.

त्या दिवशी धनुष्य पलंगावर ठेवून भाचा माझ्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मावशी, दोरी चढवून टांगू का? शोभून दिसन."

मी म्हटलं, "नको रे, उतरलेलंच राहू दे. ताणून ठेवलं तर ते बिघडते."

"बरं," तो म्हणाला आणि खिळा शोधायला लागला.

एवढंच वाक्य होतं ते… कोणाला राग आला नाही, काही अडलं नाही. धनुष्य आता माझ्या खोलीत पाठ फिरवून टांगलेलं आहे, आणि दोरी त्याच्या शेजारी, मोकळी.