सामुरायच्या काचेवरचं कुंकू

आज दसरा. इथं परदेशात, रोल्लाच्या बाजारातून आणलेल्या झेंडूचा वास घरभर पसरला आणि पुण्याहून सासूबाई आल्या होत्या तो दसरा आठवला.

हॉलमध्ये आमचं जपानी चित्र आहे, लाकडी ठशांनी छापलेलं. डोळे वटारून तलवार उपसलेला सामुराय. सासूबाईंनी लॅपटॉप, पकड, पाना यांची पूजा केली आणि त्याच्याही काचेवर कुंकू लावलं.

"आजी, ही इज जॅपनीज!" तेव्हा आठ वर्षांची असलेली लेक ओरडली.

"असू दे. हातात शस्त्र आहे ना?"

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तशी मी काच पुसून टाकली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा कुंकू लावलं. मी चिडले होते. परक्याला सासूबाई घरचा करून घेत होत्या, हे आत्ता कळतं.

मघाशी पूजा आटोपून मी उठले, तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं करंडा पुढे केला.

"आई, वेट! त्याचं राहिलं ना."