हात थांबले की मध्यंतर

रेडिओवर त्याचे पूर्ण नाव उच्चारले गेले तेव्हा क्षणभर वाटले, हे दुसऱ्याच कुणाविषयी असावे. आमच्या घरात तो नुसता वसंता होता, माझ्या मावशीचा मुलगा. रहस्यपटांचे ख्यातनाम दिग्दर्शक मुंबईत हृदयविकाराने निवर्तले, असे निवेदिका सांगत होती... कूलर नुकताच लावला होता. ओल्या वाळ्याचा गंध खोलीभर पसरला होता आणि त्याच्यासाठी वेताचा मुढा मी आदल्याच दिवशी माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता.

लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी जातात. हा दरवर्षी नागपूरच्या भट्टीत यायचा, नंदनवन नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी, नव्या चित्रपटाची गोष्ट सांगायला. मी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि तो मुढ्यावरून सांगायचा. माझ्या चेहऱ्याकडे तो पाहत नसे. कविता शिकवणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला दाद द्यायची सवयच असते, म्हणून त्यावर विश्वास नाही, असे म्हणायचा. त्याची नजर माझ्या बोटांवर. गोष्टीत एखाद्या जागी बोटे नकळत थबकली की मुढा करकरे आणि तो हळूच विचारी, “काहून थांबली वं?” तिथे मध्यंतर ठरे. स्टुडिओत तो म्हणे धुतल्या-इस्त्रीच्या हिंदीत बोलत असे. ही बोली त्याने या खोलीत ठेवून दिली होती.

त्याच्या गाजलेल्या पहिल्या चित्रपटात खुनी माणूस गुणगुणत, सावकाश, एक कप विसळतो, आणि दाराआड कोण उभे आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असते. कप विसळला जात असतानाच माझे हात थांबले होते. पुढे त्याचे छायाचित्रकार रहमानभाई यांनी त्या कपावर असा उजेड पाडला की चिनी मातीचा गारवा बोटांना जाणवावा. प्रत्येक चित्रपटाच्या वेळी ते वसंताला आधी एवढेच विचारत, “दीदी के हाथ कहाँ रुके?” मी स्टुडिओ कधी पाहिला नाही. पण चित्रपटगृहाच्या काळोखात सारी रांग श्वास रोखून बसे, तेव्हा मांडीवरचे माझे रिकामे हात मला जड वाटत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतली होती. एकटी राहणारी बाई. रोज पहाटे ओसरीवर राखेचा पातळ थर. एके सकाळी त्या राखेत पावले उमटलेली, दारापर्यंत आलेली... परत गेलेली नाहीत. माझे हात थांबले. तो लहान मुलासारखा हसला. मग त्याने शेवट सांगितला.

“चांगला आहे गा,” मी म्हटले.

“तोंडाचं नको सांगू. हात चालूच होते तुये.”

चित्रीकरण सुरू करतो, पुढच्या उन्हाळ्यात नवा शेवट आणतो, असे म्हणून तो गेला.

रेडिओवरच्या त्या बातमीनंतर महिन्याभराने रहमानभाई आले. मुढ्यावर बसले नाहीत, सतरंजीवर टेकले. चित्रपट पुरा झाला होता, शेवटाखेरीज. माझे हात थांबल्याशिवाय वसंता शेवट कागदावर उतरवत नसे, हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले, तुम्हाला तरी काही बोलला होता का? मी सांगितले असते तर ती चित्रफीत डब्यात पडून राहिली नसती. त्याचे नाव आणखी एकदा पडद्यावर झळकले असते. तो शेवट मला शब्दन् शब्द पाठ होता, आजही आहे.

“सांगितला होता,” मी म्हटले, “पण माझे हात थांबले नव्हते.”

रहमानभाईंनी पुन्हा विचारले नाही. सरबताचा पेला दोन्ही तळव्यांत धरून ते ऊन कलेपर्यंत बसून राहिले, आणि निघताना मुढ्याला हात लावून नमस्कार केला.

मुढा अजून तिथेच आहे. दुपारी मी सूप घेऊन त्याच्यासमोर बसते. पूर्वी दुपार सरली तरी अर्धे तांदूळ निवडायचे राहत. आता फार लवकर होतात.