नत्थूजींचा काउनासचा डाव

नत्थूजी मेश्राम कन्हान नदीच्या पलीकडे कधी गेले नाहीत, तरी बुद्धिबळाचे आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. इतवारी बाजारात दिवसभर भांड्यांवर लोकांची नावं घालायची आणि जेवणाच्या सुट्टीत परदेशी कार्डावर एक चाल लिहून टपालपेटीत टाकायची, अशी त्यांची कारकीर्द.

१९७६ साली टपालाच्या स्पर्धेत त्यांच्या वाट्याला लिथुआनियातल्या काउनास शहरचा एक उस्ताद आला. मोठमोठ्या स्पर्धा गाजवलेला माणूस. पण तेव्हा तिथे राज्य मॉस्कोचं, आणि मॉस्कोवाले त्याला देशाबाहेर सोडेनात, म्हणून बिचारा घरी बसून जगभर कार्डं पाठवी. म्हणजे दोघेही घरकोंबडेच. एका चालीचं उत्तर यायला दीड महिना. नत्थूजींच्या बायको इंदूबाई म्हणत, "इतक्यात तर पोरीचं लगन होऊन नातू बी होते."

नत्थूजींना आयुष्यात एकच हवं होतं, परदेशी खेळाडूवर एक विजय. आठ डाव हरून झाले होते. हा नववा मात्र चौथ्या वर्षी हाताशी आला. त्यांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. त्याचा वजीर केला की खेळ खल्लास. नत्थूजींनी कार्डावर घोडा लिहिला आणि टाकूनही आले.

आमच्या बुद्धिबळ मंडळात इंग्रजी जाणणारे एकटे गोपाळराव. ती चाल ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "काहून जी, वजीर काहून नाही केला?"

"घोड्याच्या घरात पोचला ना प्यादा. मंग घोडाच होईन."

आपल्या देशी खेळाचा हा नियम; परदेशी खेळात कुठल्याही घरात वजीर करता येतो. आधीच्या आठ डावांत एकही प्यादं तिथवर जिवंत पोचलं नव्हतं, मग चूक कळणार कधी?

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'वजीर सोडून घोडा घेणाऱ्याने शेवटपर्यंतचं पाहिलेलं असणार. मी डाव सोडतो. अभिनंदन.' उस्तादाचे एका वेळी चाळीस डाव चालू. त्याने नीट पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर डाव सहज वाचत होता.

गोपाळरावांनी पेढे वाटले. नत्थूजी पेढा हातात धरून बसून राहिले. तीन दिवसांनी येऊन म्हणाले, "चिठ्ठी लिहा जी. मले नियम मालूम नव्हता. डाव पुढं चालू द्या म्हणा."

"तुमी पागल होऊन राहिले का?" गोपाळराव म्हणाले. मी तर नत्थूजींशी सरळ भांडलो. करंटे म्हणालो त्यांना. त्याची मला आजही लाज वाटते.

उस्ताद सज्जन निघाला. त्याने आभार मानले, डाव पुन्हा सुरू केला आणि दीड वर्षात नत्थूजींना रीतसर हरवलं. त्यानंतरचे तीन डावही ते हरलेच.

पंच्याऐंशी साली मंडळाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. माहिती लिहून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. परदेशी डाव किती जिंकले, असं विचारलं.

"शून्य लिही," ते म्हणाले. मग माझ्या कागदाकडे बघत राहिले. "पण तीन दिवस जितलो होतो ना गा."