तो झेंडू नव्हता, साहेब

दोन दिवस मी सांगतेय, मशीनरूममधल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या कपाटावर केशरी दिवा लागलाय, आणि कॉम्प्युटर बघणारे सावंतसाहेब बाहेरून काचेतूनच बघून म्हणतात, "मावशी, खंडेनवमीच्या हारातला झेंडू आहे तो." रोज तिथली लादी पुसते मी, मला झेंडू कळत नाही?

आज सकाळी सुकलेला हार ओढून काढला आणि साहेबांना आत नेलं. दिवा तसाच पेटलेला. साहेबांनी लगेच कपाट उघडलं.

त्या कपाटात आपल्या हॉस्पिटलच्या सगळ्या पेशंटचे एक्सरे असतात. एक डिस्क मेली होती. आणखी एक गेली असती तर सगळं गेलं असतं. बिचारं मशीन रोज मेल पाठवत होतं, पण गणपतीत नोकरी सोडून गेलेल्या माणसाला!

दुपारी नवी डिस्क बसली. आता बिघाड झाला की थेट मोबाईल वाजतो. साहेबांनी मुद्दाम एक वायर काढून बघितली, तीन फोन एकदम वाजले. जिवाला बरं वाटलं. संपाआधी माझे वडील मिलमध्ये मागावर होते, ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, साचा आजारी आहे.

सावंतसाहेब, तुम्हीपण हॉस्पिटलच्या या ग्रुपवर आहात. रोज आत जाणारी मी एकटीच. त्या फोनच्या यादीत माझा नंबर टाकणार की नाही? शुक्रवारपर्यंत इथेच, सगळ्यांसमोर सांगा.